कीर्ती कोणाची, नाव कोणाचे?

घोडनदीच्या काठचा शिरूर तालुका आणि भीमेच्या काठचा दौंड तालुका हा यात्रा-जत्रांचा व ढोलकीचा मुलूख होय. शिरूरमधील कवठे येमाई तमाशाच्या कलावंतांमुळे ख्यात झाले, तर दौंडमधील चौफुला पुणे-सोलापूर रस्त्यावरील संगीत बारीमुळे. अशा मुलखात राहणाऱ्या आपणांस एक प्रश्न पडावयास हवा : कलावंताची कीर्ती ही खरोखर त्याच्या हाती असते काय?

जुने शाहीर याविषयी जागरूक असत. कवनाच्या शेवटी ते आपल्या नावाची छाप घालीत. पेशवाईअखेरचा होनाजी हा गवळी. त्याच्या लावण्या गाणारा बाळा करंजकर हा शिंपी. छाप पडली ती दोघांची मिळून. 'होनाजी बाळा' ही एकच व्यक्ती, असे पुष्कळजण आजही समजतात. दोन ज्ञातींतील दोन मित्र कीर्तीत असे एकरूप झाले.

पठ्ठे बापूरावांची कथा मात्र निराळी. रेठरे हरणाक्ष येथे १८६६ साली जन्मलेले श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी फडात उतरले आणि त्यांनी नवे नाव धारण केले. त्या नावाने महाराष्ट्र डोलला. परंतु स्वजनांचा रोषही त्यांस पत्करावा लागला. १९४५ साली पुण्यात त्यांचे निधन झाले, ते विपन्नावस्थेत.

शेजारच्या जुन्नर तालुक्यातील नारायणगावच्या विठाबाई यांस १९५७ व १९९० साली राष्ट्रपतिपदक लाभले. तथापि २००२ साली त्या निवर्तल्या, तेव्हा त्यांच्या पदरी पैसा नव्हता. पुढे त्यांच्याच नावाने शासनाने जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. जिवंतपणी न मिळालेले स्थैर्य नावाला मरणोत्तर मिळाले!

तो पुरस्कार कवठे येमाईच्या बशीर मोमीन कवठेकर यांसही लाभला. १९४७ साली जन्मलेल्या आणि २०२१ साली दिवंगत झालेल्या या कवीने अनेक फडांसाठी गण-गौळणी, लावण्या व वग लिहिले. टाळी पडे ती गाणारीस. लिहिणारा पडद्याआड राही. त्यांनी आडनावापुढे गावाचे नाव लावले, त्यामुळे त्यांच्या लौकिकाबरोबर गावाचाही लौकिक वाढला.

ह्या उदाहरणांवरून एवढेच ध्यानी येते, की कलावंत कला देतो, पण त्याची प्रतिमा घडवितो तो समाज. यात्रेत फेटे उडविणारे आपणच, आणि सोयरीक ठरविताना घरातल्या ढोलकीवाल्याचे नाव गिळून टाकणारेही आपणच. हा दुटप्पीपणा कोणत्याही एका ज्ञातीचा नाही. तो सर्वांचाच आहे.

म्हणून ज्ञातिबांधवांस व भगिनींस नम्र विनंती आहे. आपल्या घराण्यात कोणी शाहीर, झीलकरी, तुणतुणेवाला वा सोंगाड्या होऊन गेला असेल, तर त्याचे नाव, गाव व फड वडीलधाऱ्यांस विचारून लिहून ठेवावे. आपल्या वंशावळीत पाटलाला, मास्तराला स्थान आहे, ढोलकीवाल्यालाही असावे. त्याने छाप घातली नसेल, तर ती घालण्याचे काम आता आपले आहे.