इनामगावचं कोठार

पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने तिथे १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं. निघालं काय, तर इ.स.पू. १६०० ते ७०० मधलं शेतकऱ्यांचं गाव.

त्यातलं एक घर माझ्या डोक्यातून जात नाही. पाच खोल्यांचं, आणि शेजारी धान्याचं कोठार. उत्खनन करणारे म. के. ढवळीकर म्हणतात, हे गावच्या प्रमुखाचं घर. कारागिरांची घरं मात्र गावाच्या कडेला! विषमता कारखान्यांबरोबर आली असं आपण बिनधास्त बोलून जातो ना, त्यांनी हे बघावं.

बरं, हीच मंडळी पाटाने पाणी वळवत होती, बांध घालत होती, जव पिकवत होती. असल्या कोरड्या मुलखात नऊशे वर्षं गाव टिकवणं म्हणजे खायचं काम नाही.

इ.स.पू. १००० नंतर चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या दिसतात. ढवळीकर याचं खापर कोरड्या होत गेलेल्या हवामानावर फोडतात. ग्वेन रॉबिन्स शुग यांनी तिथल्या मुलांचे सांगाडे तपासले, तर उत्तरकाळात मुलांची वाढ खुंटलेली. दुष्काळाचा सिद्धांत मात्र त्यांना तितकासा पटत नाही. मला विचाराल तर नुसत्या पावसाचा हिशोब अर्धवटच. कोठार कोणासाठी उघडत होतं?

आणखी एक. मोठ्या माणसांना पुरताना पावलं तोडायची तिथे रीत होती. चार पायांच्या मातीच्या रांजणात बसवून पुरलेल्या एका माणसाची पावलं शाबूत सापडली. ढवळीकरांच्या मते तोही प्रमुखच.