उंदराच्या पापणीपासून कर्करोगाच्या चाचणीपर्यंत

नवजात उंदरांचे डोळे साधारणतः दोन आठवड्यांनी उघडतात. अमेरिकी जीवरसायनशास्त्रज्ञ स्टॅन्ली कोहेन यांनी त्यांना लाळग्रंथीचा अर्क टोचला, तेव्हा ते बरेच आधी उघडले. त्यामागील प्रथिन कोहेन यांनी १९६२ मध्ये वेगळे केले. तेच पुढे एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर या नावाने ओळखले गेले. वृद्धिघटकांच्या शोधाबद्दल कोहेन आणि रिटा लेव्ही-मोंताल्चिनी यांना १९८६ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

हा घटक पेशीवरील ज्या ग्राहीशी जोडला जातो, तो ईजीएफआर. कोंबड्यांमध्ये कर्करोग घडवणाऱ्या एका विषाणूच्या जनुकाशी त्याचे निकटचे साम्य असल्याचे १९८४ मध्ये उघड झाले. फुप्फुसाच्या अनेक गाठींतही हा ग्राही प्रमाणाबाहेर आढळे. जनुकाची अभिव्यक्ती जितकी अधिक, तितके रुग्णाचे भवितव्य बिकट, असा तर्क त्यावरून मांडला गेला. परंतु निरनिराळ्या अभ्यासांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळेनात.

ग्राहीला रोखणारे जेफिटिनिब जपानमध्ये २००२ साली आणि अमेरिकेत २००३ साली मान्य झाले. मोजक्या रुग्णांच्या गाठी झपाट्याने आकसल्या, बहुतेकांना मात्र गुण आला नाही. ग्राहीचे प्रमाण मोजून हे कोडे सुटेना. २००४ मध्ये बोस्टनच्या संशोधकांनी उत्तर शोधले : गुण आलेल्या रुग्णांच्या गाठींत ईजीएफआर जनुकच बदललेले होते.

या भेदाचे मोल पूर्व आशियातील आयपास चाचणीने २००९ मध्ये दाखवले. उत्परिवर्तन असलेल्या सुमारे ७१ टक्के रुग्णांना जेफिटिनिबने प्रतिसाद मिळाला; उत्परिवर्तन नसलेल्यांत हे प्रमाण जेमतेम १ टक्का होते. या दुसऱ्या गटात केमोथेरपीने मात्र २३ टक्क्यांहून अधिक रुग्णांना प्रतिसाद मिळाला होता.

भारतात फुप्फुसाच्या कर्करोगाच्या सुमारे एक चतुर्थांश रुग्णांत हे उत्परिवर्तन आढळते. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने अशा ३५० रुग्णांवर चाचणी घेऊन २०१९ मध्ये निष्कर्ष मांडले. केवळ जेफिटिनिबने आजार सुमारे ८ महिने आटोक्यात राहिला. जोडीला पेमेट्रेक्सेड व कार्बोप्लाटिन दिल्यावर १६ महिने. तीव्र दुष्परिणाम मात्र २५ टक्क्यांवरून ५१ टक्क्यांवर गेले.

औषधाची निवड आधी जनुकचाचणीवर आणि मग रुग्णाच्या सोसण्याच्या शक्तीवर ठरते, ती या इतिहासामुळेच. चाचणीवाचून गोळी सुरू केल्यास उत्परिवर्तन नसलेल्या रुग्णाचे उपचाराचे पहिले, मोलाचे महिने वाया जातात.