काज आणि खण

सुकापूरच्या घराघरांत यंत्रावर कपडे शिवणाऱ्या आमच्या भगिनी 'काज', 'फीत' आणि 'इस्त्री' हे शब्द दिवसातून कितीदा उच्चारीत असतील! हे तिन्ही शब्द पोर्तुगीजांचे. 'काज' म्हणजे मुळात 'घर', गुंडीचे घर. कापड मात्र त्यांनी आणले नाही. आपल्याच रायगड जिल्ह्यातील चौल बंदर सोळाव्या शतकात रेशमी विणकामासाठी नावाजलेले होते, अशी नोंद डच प्रवासी लिन्स्खोटेन याच्या १५९६ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात आहे. कापड आमचे, बेतणी त्यांची, असा तो व्यवहार.

तो स्वखुशीचा होता तोवर ठीक होते. श्रद्धेला व नीतीला उघड बाधा येत नसेल, तर लोकांना चालीरीती बदलावयास सांगू नये, असे रोमच्या धर्मप्रसार मंडळाने १६५९ सालीच आशियात निघालेल्या आपल्या प्रतिनिधींना बजावले होते. तरीही १७३६ साली गोव्याच्या इन्क्विझिशनने ख्रिस्ती पुरुषांना पुडवे, म्हणजे धोतर, आणि स्त्रियांना चोळी वापरण्यास मनाई केली. आम्हां धर्मगुरूंना हे वाचताना संकोच वाटतो. पण झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

वास्तविक चोळी ही धर्माची खूण नव्हेच. ती मागाच्या मापातून जन्मली. गुळेदगुड्डला विणला जाणारा खण अरुंद पन्ह्याचा, एका चोळीपुरता. घडी घालून तो असा कापतात की चिंधी जवळजवळ उरत नाही आणि काठ नेमका बाहीच्या टोकाला येतो. युरोपीय झग्याला रुंद कापड लागते व तुकडे पुष्कळ पडतात. (आमच्या आयांनी त्यांच्याही गोधड्या केल्या, ही गोष्ट वेगळी!) वसई-मुंबईच्या ख्रिस्ती स्त्रियांनी तर पोर्तुगीज अमल पाहूनही चौकड्यांचे सुती लुगडे सोडले नाही. कोकणच्या दमट हवेत घाम शोषणारे सूतच सोयीचे, हे त्यांना कोणत्याही फर्मानापेक्षा अधिक ठाऊक होते.

आज दुकानात कापड निवडताना तीच पारख कामी येते. सुती कापड बेतण्यापूर्वी एकदा पाण्यातून काढून वाळवावे, म्हणजे शिवल्यावर आटत नाही. चौकड्यांचे कापड नवशिकीला सोपे, कारण सरळ कापण्यास रेघच पट्टीचे काम करते. मात्र शिवणीवर चौकडी चौकडीला जुळवायची, तर ते थोडे अधिकच घ्यावे. आणि खण घेतला, तर कात्री लावण्याआधी काठ बाहीवर कसा येतो, ते घडी घालून पाहावे.