दुष्काळ तोच, आठवण निराळी

सन १९७२ चा दुष्काळ आपल्या मराठवाड्यात ज्यांनी अंगावर काढला, त्या बायका आज सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. विहिरी आटल्या, गुरे कवडीमोलाने गेली. सरकारने रस्ते, नालाबांध, पाझर तलाव अशी कामे काढली. मे १९७३ मध्ये राज्यात त्या कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती, आणि हातोडी घेऊन खडी फोडणाऱ्यांत बायका पुष्कळ. खायला अमेरिकेची तांबडी मिलो आणि सुकडी. त्या अनुभवातूनच पुढे १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला.

माझ्या सासूबाई तेव्हा वीस वर्षांच्या, कडेवर पोर. मी लग्न होऊन पाथरीस आले त्या वेळी त्या पन्नाशीला टेकल्या होत्या. दुष्काळाचे नाव निघाले की त्यांना मुकादम आठवे. पोराला पाजायला बाभळीखाली बसल्या म्हणून त्याने अर्धी हजेरी कापली, हे सांगताना हातातले लाटणे पोळपाटावर आपटीत. मिलोची भाकरी घशाखाली उतरत नसे, असेही म्हणत.

आता तो मुकादम त्यांच्या बोलण्यात येत नाही. येते ती शेजारी बसणारी बाई, आपल्या ढिगातली दोन पाट्या खडी ह्यांच्या ढिगात लोटून माप पुरे करून देणारी. मिलोदेखील आता गोड झाली आहे. (मिलोचे मात्र मला खरे वाटत नाही.)

लक्ष्मीबाई टिळकांचे पाहा. जन्म १८६८ चा, आणि 'स्मृतिचित्रे' प्रसिद्ध झाली १९३४ ते १९३६ मध्ये, पासष्टी उलटल्यावर. वडिलांचे सोवळे इतके कडक की मीठसुद्धा धुऊन घ्यायचे. त्या घरात लेकराबाळांचे काय हाल झाले असतील! पण बाई ते अशा सांगतात की हसू आवरत नाही. तरी हसवताना त्यांनी मीठ धुणे गाळलेले नाही, ही गोष्ट मला मोठी वाटते. वयाने राग विझतो, ते सोसणाऱ्या जिवाला बरेच. पण रागाबरोबर कापलेली हजेरीही पुसली जाते, जणू ती मजुरी कधी बुडालीच नव्हती.

म्हणून माझ्या मुली दुष्काळाचे विचारतात तेव्हा मी मुकादमापासून सुरुवात करते. सासूबाई जवळच शेंगा सोलीत बसलेल्या असतात. "असं झालं व्हतं का गं?" म्हणतात, आणि मग शेजारणीची गोष्ट स्वतःच पुरी करतात.