खड्ड्यातला बर्फ, डोंगरावरचे दव

अकबराच्या आबदारखान्यात पाणी शोऱ्याने गार होई, लाहोरच्या मुक्कामी डोंगरातून बर्फ येई, असे अबुल फज़ल 'आईन-ए-अकबरी'त सांगतो. दरबाराचा थाट असा नोंदला गेला. पण मैदानात, केवळ उघड्या आभाळाच्या भरवशावर बर्फ करणाऱ्या कष्टकऱ्यांची नावे आम्हाला कुठे सापडत नाहीत.

त्यांची रीत सर रॉबर्ट बार्कर याने 1775 साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात मांडली. अलाहाबाद, कलकत्ता भागात हिवाळ्यात सुमारे 30 फूट लांब-रुंद, 2 फूट खोल खड्डे खणत. तळाशी उसाची किंवा मक्याची वाळलेली ताटे पसरून त्यांवर मातीची उथळ, पातळ भांडी मांडत. तिन्हीसांजेला उकळून गार केलेले पाणी ओतत आणि सूर्योदयापूर्वी बर्फ गोळा करत.

हे घडे कसे? लंडनचा डॉक्टर विल्यम वेल्स याने 1814 मध्ये दवावरील निबंधात उलगडा केला. निरभ्र रात्री वस्तू आपली उष्णता आकाशाकडे सोडते, भोवतालच्या हवेहून गार होते. म्हणूनच तिच्यावर दव साचते. बंगालचा बर्फही याच कारणाने होतो, निव्वळ बाष्पीभवनाने नव्हे, असे त्याने दाखवले. खालचा थर कोरडाच लागे, कारण तो जमिनीची ऊब अडवी.

पुढे युरोपात दवाचे पाणी मिळवण्यासाठी दगड रचले गेले. क्रिमियातील फिओदोसियाजवळचे प्राचीन ढीग पाण्यासाठीच असावेत, असे मानून झिबोल्ड या वनाधिकाऱ्याने 1912 मध्ये 20 मीटर व्यासाचा ढीग उभारला. तळाला गळती लागली, 1915 मध्ये काम थांबले. ते प्राचीन ढीग तर थडगी निघाली! फ्रान्समध्ये नापेन या बेल्जियन अभियंत्याने 1930-31 मध्ये बांधलेला 14 मीटर उंच, जाड भिंतींचा बुरूज रात्रीला जेमतेम काही लिटर देई. एवढा दगड एका रात्रीत निवत नाही.

कच्छच्या कोठारा, पानंध्रो भागात गिरिजा शरण आणि सहकाऱ्यांनी 2000 नंतर उलटा मार्ग धरला. वर पातळ प्लॅस्टिकचा पडदा, खाली उष्णता अडवणारा थर. चौरस मीटरमागे रात्रीत लिटरभरही पाणी मिळत नाही. पण खाऱ्या पाण्याच्या मुलखात तेही मोलाचे.

वर पातळ भांडे, खाली कोरडा थर, माथ्यावर मोकळे आभाळ: अलाहाबादच्या त्या खड्ड्यांत हेच होते. शास्त्राचा इतिहास लिहिताना पहिले पान त्या निनावी हातांसाठी राखावे, एवढेच आमचे म्हणणे.