बहुवारिक विज्ञानाची पाठ्यपुस्तके : एका शास्त्राची जडणघडण

रबर, कापसातील सेल्युलोज, रेशीम आणि नायलॉन या पदार्थांचे रेणू म्हणजे एकवारिक नावाच्या लहान घटकांच्या, रासायनिक बंधांनी जोडलेल्या लांबच लांब साखळ्या होत आणि अशा साखळ्यांनी बनलेल्या पदार्थांना बहुवारिके म्हणतात, ही व्याख्या आज प्रत्येक प्रास्ताविक पाठ्यपुस्तकाच्या आरंभी निर्विवाद सत्य म्हणून येते. शंभर वर्षांपूर्वी ती निर्विवाद नव्हती. त्या काळच्या बहुसंख्य रसायनज्ञांच्या मते रबर हा लहान रेणूंचा, दुर्बळ आकर्षणाने एकत्र आलेला पुंजका होता, तर स्फटिकाच्या एकक कोशिकेहून, म्हणजे त्याच्या रचनेत पुन्हापुन्हा येणाऱ्या सर्वांत लहान भागाहून, रेणू मोठा असूच शकत नाही, असा क्ष-किरणांच्या अभ्यासकांपैकी अनेकांचा आग्रह होता. या शास्त्राची पाठ्यपुस्तके कशी घडली हे समजून घेताना हा वाद बाजूला ठेवता येत नाही, कारण त्याच्या खुणा पुस्तकांच्या प्रकरणांतच उमटल्या आहेत.

हेरमान श्टाउडिंगर यांनी 1920 मध्ये साखळीरेणूंची कल्पना मांडली आणि 1932 मध्ये रबर व सेल्युलोज यांना केंद्रस्थानी ठेवून उच्च रेणुभाराच्या सेंद्रिय संयुगांवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. तो विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी नव्हे, तर शंका घेणाऱ्या समव्यावसायिकांना पटवण्यासाठी लिहिला होता, म्हणून त्यात पुराव्यामागून पुरावा रचलेला आहे. द्रावणाच्या श्यानतेवरून, म्हणजे त्याच्या वाहण्याला होणाऱ्या विरोधावरून, रेणूची लांबी ठरवण्याची श्टाउडिंगर यांची पद्धत फलदायी ठरली. मात्र साखळी ताठ काठीसारखी असते हे त्यांचे गृहीतक टिकले नाही. साखळी लवचीक असून ती सतत आकार बदलणाऱ्या गुंतवळ्यासारखी वागते, हे 1934 च्या सुमारास वेर्नर कून, तसेच ऑयगेन गुट आणि हेरमान मार्क यांच्या गणिताने दाखवले आणि रबर का ताणले जाते याचे उत्तर तेथून मिळू लागले.

अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत वॉलेस कॅरदर्स यांनी वेगळी वाट धरली. ज्यांचे रसायन पूर्णपणे ज्ञात आहे अशा लहान रेणूंपासून त्यांनी पायरीपायरीने साखळ्या बांधल्या, आणि 1935 मध्ये त्यातूनच नायलॉन साकारले. आजच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात असलेले त्यांचे समीकरण साधे आहे : समप्रमाणात घेतलेल्या कार्यगटांपैकी, म्हणजे रेणूच्या परस्परांशी जोडल्या जाणाऱ्या टोकांपैकी, जितका अंश जोडला गेला तो एकातून वजा करून उरलेल्या संख्येने एकाला भागले की साखळीतील घटकांची सरासरी संख्या मिळते. अभिक्रिया 90 टक्के झाली तर ही सरासरी 10 भरते, 99 टक्के झाली तर 100. इतर रसायनांत 90 टक्के उत्पन्न उत्तम मानले जाते, पण तेवढ्यावर चिवट धागा निघत नाही, ही गोष्ट विद्यार्थ्याला या एका आकडेमोडीतून कायमची कळते.

कॅरदर्स यांच्याच हाताखाली काम केलेले पॉल फ्लोरी 1948 मध्ये कॉर्नेल विद्यापीठात व्याख्याने देण्यास आले, आणि त्या व्याख्यानांतून 1953 मध्ये त्यांचा ‘प्रिन्सिपल्स ऑफ पॉलिमर केमिस्ट्री’ हा ग्रंथ सिद्ध झाला. साखळी कितीही लांब असली तरी तिच्या टोकाची अभिक्रियाशीलता बदलत नाही, या तत्त्वाच्या आधारे त्यांनी साखळ्यांच्या लांबीची वाटणी संख्याशास्त्राने मांडली. तोवर विखुरलेल्या निरीक्षणांना या ग्रंथाने एक तार्किक बांधणी दिली. पण त्याची गणिती घनता नवख्याला पेलवणारी नव्हती. ती उणीव फ्रेड बिलमेयर यांनी भरून काढली. ड्यूपाँमध्ये काम करणाऱ्या बिलमेयर यांचे पाठ्यपुस्तक प्रथम 1957 मध्ये रसायनशास्त्राचे म्हणून आणि 1962 मध्ये ‘टेक्स्टबुक ऑफ पॉलिमर सायन्स’ या व्यापक नावाने आले, आणि त्यात रेणुभार मोजण्याच्या पद्धतींपासून प्लॅस्टिक, तंतू व रबर यांच्या गुणधर्मांपर्यंतचा पट एकाच ठिकाणी मिळाला.

रेणुभाराची सरासरी एक नसून अनेक असतात, हा अशा पुस्तकातील कळीचा धडा होय. 10,000 आणि 1,00,000 रेणुभाराच्या साखळ्या सारख्याच संख्येने मिसळल्या, तर संख्येवर आधारलेली सरासरी 55,000 येते, परंतु वजनावर आधारलेली सरासरी सुमारे 91,800 भरते, कारण मिश्रणाचे बहुतेक वजन मोठ्या साखळ्यांत असते.

भारतीय विद्यार्थ्यांसाठी या परंपरेतील महत्त्वाचा टप्पा म्हणजे वसंत गोवारीकर, एन. व्ही. विश्वनाथन आणि जयदेव श्रीधर यांचे 1986 मधील ‘पॉलिमर सायन्स’ हे पुस्तक. पुण्यात जन्मलेले गोवारीकर 1979 ते 1985 या काळात तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे संचालक होते आणि अग्निबाणाचे घन इंधन हा त्यांचा कार्यविषय होता. अशा इंधनात ऑक्सिजन पुरवणारे क्षार आणि ॲल्युमिनियमची भुकटी यांना रबरासारखे बहुवारिक घट्ट धरून ठेवते व स्वतःही जळते, म्हणजे साखळीची रचना आणि पदार्थाचे वागणे यांतील नाते तेथे रोजच्या कामाचा प्रश्न होते. अशा अनुभवाच्या माणसाने पायाभूत रसायन क्रमाने उलगडणारे पुस्तक देशातील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या हाती द्यावे, ही मोलाची गोष्ट होय.

या इतिहासावरून प्रास्ताविक पुस्तक निवडण्याची रास्त कसोटी हाती येते. नव्या आवृत्तीत नवे पदार्थ आणि मोजमापाची नवी साधने असतात व ती हवीतच. परंतु साखळ्या कशा बांधल्या जातात, त्यांची लांबी किती विषम असते आणि त्यांच्या लवचीकपणातून पदार्थाचे गुणधर्म कसे उपजतात, या तीन प्रश्नांची उत्तरे जे पुस्तक निष्कर्ष म्हणून न सांगता तर्काने उभी करते, तेच नवख्याला शास्त्रात नेते. फ्लोरींकडे पुढे वळायचे असेल, तरी आधी अशा पुस्तकाच्या पायावर उभे राहणे हाच विद्यार्थ्याच्या हिताचा मार्ग होय.