काळ, वेग आणि सौ.

बेसाला बिऱ्हाड हलवलं आणि मी जुनी मारुती ८०० घेतली, रॅलीसाठी!

"हे डबडं रॅलीत? काय बाप्पा!" सौ. म्हणाली.

डबडं? १४ डिसेंबर १९८३ ला या जातीच्या पहिल्या गाडीची किल्ली खुद्द इंदिरा गांधींनी दिली. उत्पादन थांबलं ते २०१४ मध्ये. इंजिन अवघं ७९६ सीसी, कबूल. पण टीएसडी रॅली म्हणजे शाळेतलं काळ-काम-वेगाचं गणित. ठरलेला सरासरी वेग पाळायचा. उशिरा पोचलात तर दंड, लवकर पोचलात तरी दंड! म्हणून पैसे इंजिनावर न घालता ब्रेक, टायर, पट्टे आणि घड्याळावर घातले.

शेजारी वाटाड्या हवाच. सौ. बसली.

"अहो, हळू! तीस वर्षं हेच सांगतेय."

तिचं म्हणणं पहिल्यांदाच नियमात बसलं.